पेशवे दप्तराची छायाचित्रे घेतली, म्हणजे पेशवे दप्तर जपले गेले का?

रुमालवाचक (धागालेखक)

अभिलेखागारांच्या डिजिटायझेशनची बातमी आली की तिच्यात एकच आकडा ठळक छापलेला असतो : इतकी लाख पाने स्कॅन झाली. तो आकडा खोटा नसतो; पण त्यावरून ‘अभिलेख जपला गेला’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला घाईचा वाटतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर डोळ्यांसमोर ठेवून याविषयी बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हे दप्तर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १८१८मध्ये पेशवाई गेल्यावर सरकारी कागद कंपनीच्या ताब्यात आले. इतिहास म्हणून इंग्रजांना त्यांत फारसा रस नव्हता. कोणाचे इनाम खरे, कोणत्या परगण्याचा वसूल किती, कोणाचे वतन कोणत्या सनदेवर चालते हे ठरवण्यासाठी त्यांना ते कागद हवे होते, आणि इनाम कमिशनच्या चौकशीत त्यांचा तसा भरपूर वापर झाला. १८९१मध्ये दप्तरासाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली, तरी अभ्यासकांना दार बराच काळ बंदच होते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून (रोजच्या नोंदींच्या वह्यांतून) निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले आणि पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. मराठ्यांच्या इतिहासावर त्यानंतर जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग या ४५ खंडांवर उभा आहे. न निवडलेले कोट्यवधी कागद रुमालांतच, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतच, राहिले.

आता मुद्द्यावर येतो. या दप्तरातील कागदाचा पत्ता म्हणजे त्याचा रुमाल आणि त्यातले पुडके. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, पागा असे विभाग आहेत आणि एखादा कागद कोणत्या विभागात, कोणाच्या शेजारी बांधलेला आहे यातच त्याचा निम्मा अर्थ असतो. मिती नसलेली चिठ्ठी केव्हाची, हे पुष्कळदा तिच्या मागच्यापुढच्या कागदांवरूनच ठरवता येते. लांब कागद अनेक बंद (कागदाचे सुटे तुकडे) एकाखाली एक चिकटवून केलेला असतो. त्याच्या सांध्यांवर शिक्के असतात आणि पाठीवर ‘बार सूद’सारखे दप्तरी नोंदीचे शेरे असतात. स्कॅन करणाऱ्याने पाठ कोरी समजून सोडली, बंद सुटे करून त्यांना वेगवेगळे क्रमांक दिले आणि वर्णनाच्या रकान्यात ‘मोडी पत्र’ एवढेच लिहिले, तर चित्र उत्तम येईल, पण अभ्यासकाच्या हाती काहीच लागणार नाही. करारात मोबदला पानांच्या संख्येवर ठरत असेल, तर नेमके हेच होण्याचा संभव अधिक.

छापील पुस्तकांच्या बाबतीत हा अनुभव आपण घेतलेलाच आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात मराठी पुस्तके मोठ्या संख्येने स्कॅन झाली. परंतु शीर्षके रोमन लिपीत मनाला येईल तशी नोंदवल्यामुळे हवे ते पुस्तक सापडणे हा नशिबाचा भाग असे. पुढे ते संकेतस्थळही बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके आज आपण वाचतो ती इंटरनेट आर्काइव्हवर प्रती गेल्या होत्या म्हणून.

माझे म्हणणे असे की वर्णनसूची आधी आणि स्कॅनर नंतर, हा क्रम असावा. सूची करायला मोडी वाचणारा माणूस लागतो, तो मिळत नाही आणि मिळाला तर त्याला पुरेसा पगार मिळत नाही, ही खरी अडचण आहे. पण ती यंत्र विकत घेऊन सुटणारी नाही.

प्रतिलिपी

सूचीविषयी आपण लिहिले ते पटते; परंतु ‘सूची आधी, स्कॅनर नंतर’ हा क्रम मला धोकादायक वाटतो. कोट्यवधी कागदांची नीट सूची व्हायला, मोडी वाचकांची आजची संख्या पाहता, कित्येक पिढ्या लागतील. तोवर आग, वाळवी आणि पावसाचे पाणी थांबून राहणार आहे काय?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेली आग आपल्याला आठवत असेल. चौथ्या मजल्यावरून ती वर पसरली, माणसे दगावली आणि असंख्य नस्ती (फाइली) जळाल्या. ज्या नस्तींची दुसऱ्या कार्यालयात प्रत होती त्यांची पुनर्बांधणी करता आली. अशा वेळी पाठ स्कॅन केली होती की नाही हा प्रश्न दुय्यम असतो. काहीतरी कुठेतरी उरले आहे का, एवढेच पाहिले जाते.

याहून मोठे उदाहरण आयर्लंडचे आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयीन संकुलात त्या देशाचे अभिलेखागार होते. यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, ते स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. तेराव्या शतकापासूनचे दस्त त्यात गेले. शंभर वर्षांनी, २०२२मध्ये, तिथल्या संशोधकांनी या जळालेल्या अभिलेखागाराची आभासी पुनर्रचना लोकांसाठी खुली केली. ती शक्य झाली, कारण आगीपूर्वी कोणीतरी नकला उतरवल्या होत्या, लंडनसारख्या ठिकाणी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती तिथे शिल्लक होत्या आणि मुख्य म्हणजे अभिलेखागाराची छापील सूची वाचली होती. (शेवटचा भाग आपल्या बाजूचा आहे, हे मला दिसते.) त्या नकला अपुऱ्या होत्या, काहींत चुका होत्या, तरीही आज एका देशाचा मध्ययुगीन इतिहास त्यांच्यावर उभा आहे.

आणखी एक गोष्ट. आपण सगळे पेशवाईच्या कागदांची काळजी करतो. पण जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावर बोरूने लिहिलेले पत्र अडीचशे वर्षे टिकले आहे आणि कोरडे ठेवले तर पुढेही टिकेल. खरी घाई आहे ती विसाव्या शतकातील गिरणीच्या लगद्याच्या कागदाची. १९४० ते १९७० या काळातील वृत्तपत्रे, टंकलिखित टिप्पण्या आणि कार्बन प्रती हात लावताच तुटतात. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचा, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा, कोयनेच्या विस्थापितांचा इतिहास त्या कागदांत आहे. मोडीभोवती जे वलय आहे ते या पिवळ्या कागदांना नाही, म्हणून ते आधी जातील.

सेवानिवृत्त

मी राज्य शासनाच्या सेवेत होतो आणि अभिलेख कक्षाचे काम दीर्घकाळ पाहिले आहे, म्हणून दोघांच्याही चर्चेत न आलेली बाजू मांडतो. अभिलेखागारात जे पोहोचते त्याचेच आपण स्कॅनिंग करतो. जे पोहोचतच नाही त्याचे काय?

कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धती असते. प्रलंबित प्रकरणांपासून नष्ट करावयाच्या कागदांपर्यंत प्रत्येक कागदाचा गठ्ठा ठरलेला असतो. निकाली निघालेली नस्ती अ, ब, क, क-१ आणि ड या वर्गांत घालायची असते. अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षे, क म्हणजे दहा, क-१ म्हणजे पाच आणि ड म्हणजे एक वर्ष. मुदत संपलेल्या नस्तींचे निंदणीकरण करायचे, म्हणजे त्या निवडून नष्ट करायच्या. पद्धत उत्तम आहे. मात्र वर्ग ठरवणारा लिपिक हाच त्या क्षणी इतिहासकार असतो, आणि त्याला ते कोणी सांगितलेले नसते. नस्ती अ वर्गात घातली तर जागा अडते आणि ड वर्गात घातली तर कपाट मोकळे होते, एवढाच विचार करून वर्ग ठरताना मी पाहिले आहे.

केंद्रातही वेगळे नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ साली झाला. १८९२पूर्वीचा कोणताही अभिलेख, तो अभिलेख म्हणून उपयोगी न पडण्याइतका खराब झाल्याचे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनी ठरवल्याखेरीज, नष्ट करता येत नाही असे त्यात आहे. नियमभंगासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि विशेष म्हणजे संगणकाने निर्माण केलेले साहित्यही ‘सार्वजनिक अभिलेख’ या व्याख्येत घेतलेले आहे. इतके असूनही डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तत्कालीन महासंचालकांनी जाहीरपणे सांगितले की १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांचे आणि हरित क्रांतीचे अभिलेख त्यांच्याकडे नाहीत, कारण संबंधित मंत्रालयांनी ते पाठवलेले नाहीत. ‘अभिलेख पटल’ हे राष्ट्रीय अभिलेखागाराचे संकेतस्थळ चांगले आहे, मी ते वापरतो. पण त्यावर बांगलादेश युद्धाची नस्ती शोधणाऱ्याला स्कॅनरची उणीव भासणार नाही.

आता संगणकावरच जन्मलेल्या कागदांविषयी. १९९०नंतर कार्यालयांत मराठी टंकन सुरू झाले ते युनिकोडमध्ये नव्हे. डीव्ही-टीटी सुरेख, श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे निरनिराळे फॉन्ट होते आणि प्रत्येकात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. एका फॉन्टमध्ये ज्या जागी काना, तिथे दुसऱ्यात एखादे अर्धे अक्षर. त्या काळची फाइल आज उघडली तर फॉन्टवाचून पडद्यावर निव्वळ चिन्हांचा खच दिसतो. पीडीएफ केलेली असेल तर डोळ्यांना मजकूर नीट दिसतो. पण त्यात ‘पुनर्वसन’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, कारण आत तो शब्द नाहीच. अठराव्या शतकातील रोजकीर्द वाचणारी माणसे पुण्यात अजून भेटतील. १९९६च्या फ्लॉपीवरचे परिपत्रक, त्यासाठी लागणारे यंत्र, आज्ञावली आणि फॉन्ट अशी तिन्ही साधने जवळ असलेला माणूस मला तरी ठाऊक नाही.

वाटसरू

चर्चा वाचतो आहे. एक साधा प्रश्न विचारतो. आमच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, मोडी कागदांचे एक गाठोडे आहे. पणजोबा कुलकर्णी होते एवढे माहीत आहे. हे कागद आम्ही मोबाइलवर टिपून ठेवावेत की आधी कोणाला दाखवावेत?

मांडवीकांठ

गोव्याचे उदाहरण या चर्चेत यायला हवे. पणजीचे पुराभिलेखागार आपली परंपरा १५९५पासून सांगते. इतिहासकार दियोगो दो कौतो यांच्याकडे तेव्हा त्याची व्यवस्था सोपवण्यात आली होती. तिथे ‘मान्सूनची पुस्तके’ म्हणून ओळखली जाणारी मोठी मालिका आहे. मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून एकदा जहाजे येत-जात आणि त्यांवरून लिस्बन व गोवा यांच्यात जो पत्रव्यवहार चाले, तो या खंडांत बांधलेला आहे. १७७७मध्ये यांतले ६२ खंड लिस्बनला नेण्यात आले आणि एकच मालिका दोन खंडांत, भूखंड या अर्थाने म्हणतो, विभागली गेली. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या या संग्रहाची व्यवस्था लावली आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचे त्यांचे काम त्यातूनच उभे राहिले. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची स्वतंत्र मालिका तिथे आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ती टाळता येत नाही.

तुटलेली मालिका जोडणे हे काम केवळ डिजिटल प्रतींनीच होऊ शकते, म्हणून मी रुमालवाचकांइतका साशंक नाही. लिस्बन मूळ खंड परत देणार नाही, आणि त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा दोन्हीकडच्या प्रती एका सूचीखाली आणणे शहाणपणाचे आहे. हीच गोष्ट तंजावरची. तिथल्या मराठी राजांचे मोडी कागद तमिळनाडूत आहेत; ते पुण्याच्या अभ्यासकाला घरबसल्या दिसले तर कोणाचे काय बिघडते?

चुंबकफीत

मी साठवणुकीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो.

डिजिटल प्रत कपाटात ठेवून विसरता येत नाही. कागदाचे आणि तिचे मुख्य अंतर इथे आहे. मोठ्या संस्था दीर्घकालीन साठवणुकीसाठी एलटीओ नावाच्या प्रमाणित चुंबकफिती वापरतात; त्यांच्या पिढ्या दर काही वर्षांनी बदलतात. सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे आपल्या आधीच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचू शकत. आठव्या पिढीचे यंत्र फक्त एकच पिढी मागे जाते. याचा अर्थ, फीत शाबूत असली तरी ठरावीक वर्षांनी सगळा साठा नव्या फितीवर उतरवावाच लागतो आणि तो खर्च कायमचा असतो. आपल्याकडे अंदाजपत्रकात डिजिटायझेशनसाठी एकरकमी तरतूद होते. पंधरा वर्षांनंतरच्या स्थलांतराची तरतूद मी कोणत्याही निविदेत पाहिलेली नाही.

दुसरे असे की सगळ्या प्रती एकाच जाळ्याला जोडलेल्या असतील तर त्या अनेक असूनही एकच असतात. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन सूचीदेखील कित्येक आठवडे बंद राहिली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला. रुमालवाचकांनी ज्या मराठी पुस्तकांचा उल्लेख केला, ती त्या दिवसांत आपल्यापैकी कोणालाच उघडता येत नव्हती. तेव्हा एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे तोडलेली, दुसऱ्या शहरात असलीच पाहिजे. एस्टोनियाने तर २०१७मध्ये लक्झेंबर्गशी करार करून आपल्या महत्त्वाच्या शासकीय माहितीची प्रत परदेशात, स्वतःच्या दूतावासासारख्या संरक्षणाखाली ठेवण्याची व्यवस्था केली. लहान आणि मोठ्या शेजाऱ्याला घाबरणारा देश आहे, त्याला ते सुचले.

रुमालवाचक

प्रतिलिपी, आयर्लंडचे उदाहरण आपण दिल्याबद्दल आभार. त्यातील सूचीच माझे म्हणणे सिद्ध करते, हे आपणच नोंदवले आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. ‘आधी’चा अर्थ मी असा करतो : सगळ्या दप्तराची सूची पूर्ण होईपर्यंत थांबू नका, पण ज्या रुमालाचे स्कॅनिंग आज करणार त्याची सूची आजच, त्याच टेबलावर करा. गिरणीच्या कागदाविषयीचा आपला मुद्दा तर मी पूर्णपणे स्वीकारतो. तिथे मजकूर टंकलिखित असल्यामुळे सूची करणे सोपे आहे आणि म्हणूनच विलंबाला सबब नाही.

इथे कोणी तरी म्हणेलच की आता संगणकच मोडी वाचेल, मग सूचीची काळजी कशाला? मोडीला २०१४मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि यंत्राकडून लिप्यंतर करून घेण्याचे प्रयोग चालू आहेत, ते व्हायलाच हवेत. पण मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसते, आणि शिवकालीन वळण व आंग्लकाळातले वळण यांत एवढा फरक आहे की एक सहज वाचणारा दुसऱ्यापाशी अडखळतो. माणसाला अक्षर लागले नाही तर तो जागा रिकामी सोडतो किंवा प्रश्नचिन्ह घालतो. यंत्र तिथे अर्थ लागेल असा काहीतरी शब्द बसवून मोकळे होते आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही. म्हणून यंत्राचे वाचन ‘यंत्राचे वाचन’ असेच नोंदवावे आणि मूळ चित्रापासून ते कधीही वेगळे करू नये.

तारखांचे एक उदाहरण देतो. पेशवेकालीन कागदांवर सुहूर सन असतो; ही तेव्हाची कालगणना, तिचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, असे पाठ केलेला सूचीकार १७६० लिहून पुढे जाईल. परंतु हे साल मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होते. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदांसाठी ६०० मिळवावे लागतात. ११६१ हे पानिपतचे साल आहे. १४ जानेवारी १७६१च्या लढाईनंतर लिहिलेले पत्र एका रकान्यातल्या चुकीमुळे लढाईच्या वर्षभर आधी जाऊन बसेल आणि शोधणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. चित्र मात्र अत्यंत सुस्पष्ट असेल.

मुखत्यार

कायद्याच्या बाजूने एक भर घालतो. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर मला इथे काही म्हणायचे नाही. पण जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते, तेव्हा ती नोंद मूळची आहे, मागाहून घातलेली नाही, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी शाई, अक्षराचे वळण आणि कागद पाहावा लागतो. स्कॅन त्याला पुरत नाही. तेव्हा ‘स्कॅन झाले, आता मूळ नोंदवह्या नष्ट करण्यास हरकत नाही’ असा शेरा कोणी मारला, तर त्याला प्राणपणाने विरोध केला पाहिजे.

स्कॅनबाबतही पुरावा आज तयार करून ठेवता येतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक दस्तासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेली आकडे-अक्षरांची खूण, नमूद करायचे असते. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी हे मूल्य बदलते. स्कॅन केले त्याच दिवशी ही मूल्ये काढून, ती छापून, अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत सहीशिक्क्यानिशी चिकटवली, तर पन्नास वर्षांनंतरही फाइल तीच आहे की नाही हे तपासता येईल. खर्च जवळजवळ काहीच नाही.

सेवानिवृत्त

मुखत्यार, सूचना व्यवहार्य आहे. ‘छापून’ या शब्दाबद्दल विशेष आभार.

रुमालवाचक

वाटसरू, आपल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहून गेले.

कुलकर्ण्यांच्या घरचे गाठोडे म्हणजे बहुधा गावचा हिशेब, वसुलाचे कागद, वतनाचे वाद आणि काही घरगुती पत्रे. आधी दाखवावे की आधी टिपावे, असा प्रश्न असेल तर आधी टिपा. पण ‘व्यवस्थित लावून मग टिपू’ असे करू नका. ज्या क्रमाने कागद बांधलेले आहेत त्याच क्रमाने सोडा, दोन्ही बाजू टिपा, पाठ कोरी दिसली तरी टिपा, आणि पुन्हा त्याच क्रमाने ठेवा. फाइलींना ‘जुने कागद १’ अशी नावे देण्याऐवजी गाठोडे, पुडके आणि कागद असे तीन क्रमांक द्या. चिकटलेल्या घड्या ओढून सोडवू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. बुरशी दिसली तर ते पुडके बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि उन्हात वाळवू नका.

दाखवण्यासाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ या दोन जागा आहेत. आपल्याला जी जवळ असेल तिथे जा. चित्रे सरसकट समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून घ्या, कारण अशा गाठोड्यांत वाटण्या आणि दत्तकपत्रे असतात, आणि त्यांचे वारस अजून एकमेकांच्या शेजारी राहत असतात. एखाद्या कागदाचा मायना आणि शेवटची ओळ इथे टाकलीत, तर तो साधारण कोणत्या काळचा आणि कोणत्या प्रकारचा असावा, हे आमच्यापैकी कोणीतरी सांगू शकेल.